अनेक मांजरांच्या घरातील गजकर्ण : ओळख, उपचार आणि स्वच्छता

गजकर्ण, नायटा किंवा दाद या नावांनी ओळखला जाणारा त्वचारोग माणसांना परिचित आहे. मांजरांनाही तो होतो. त्याच्या ‘रिंगवर्म’ या इंग्रजी नावामुळे हा कृमींचा रोग असावा असा समज होतो. प्रत्यक्षात कृमींशी त्याचा काहीही संबंध नाही. केस, नखे आणि त्वचेचा वरचा थर ज्या केराटिन नावाच्या द्रव्याने बनलेला असतो, त्यावर जगणाऱ्या बुरशीमुळे हा रोग होतो. मांजरांमधील बहुसंख्य रुग्णांत ही बुरशी ‘मायक्रोस्पोरम कॅनिस’ जातीची असते. तिच्या नावात कुत्र्याचा उल्लेख असला, तरी तिचे मुख्य आश्रयस्थान मांजर हेच आहे.

घरात एकच धडधाकट मांजर असेल, तर हा रोग काही महिन्यांत आपोआपही बरा होऊ शकतो. चार, सहा किंवा दहा मांजरांच्या घरात मात्र तसे घडत नाही. एक बरे होईपर्यंत दुसऱ्याला लागण होते, दुसरे बरे होईपर्यंत तिसऱ्याला, आणि पिल्ले असल्यास हे चक्र वर्षभरही चालू राहते. अशा घरात केवळ चट्टे दिसणाऱ्या मांजरावर औषध लावून भागत नाही. सगळी मांजरे आणि ती राहतात ते घर मिळून एक रुग्ण आहे, असे मानूनच उपचाराची आखणी करावी लागते.

संसर्ग कसा पसरतो

ही बुरशी केसाच्या आत वाढते. त्यामुळे केस ठिसूळ होऊन तुटतो आणि त्या तुकड्यांसोबत डोळ्यांना न दिसणारे असंख्य बीजाणू घरभर पसरतात. बिछाना, सोफा, पंख्याची पाती, खिडकीची जाळी, केस विंचरण्याचा ब्रश, मांजर नेण्याची टोपली, माणसांचे कपडे अशा सर्व ठिकाणी ते पोहोचतात. कोरड्या जागी असे बीजाणू दीर्घकाळ टिकतात. प्रयोगशाळेत ते १८ महिन्यांपर्यंत जिवंत राहिल्याची नोंद आहे.

मात्र येथे एक दिलासा देणारी गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. पावसाळ्यात कोकण-गोव्यातील घरांच्या भिंतींवर आणि चामड्याच्या वस्तूंवर जी बुरशी चढते, ती वेगळी. गजकर्णाची ही बुरशी भिंतीवर किंवा फरशीवर वाढत नाही. वाढण्यासाठी तिला प्राण्याची त्वचा आणि वाढते केसच लागतात. मांजरांच्या अंगावरून नवे बीजाणू झडणे थांबले आणि घरातील जुने केस उचलले गेले, की संसर्गाचा साठा संपतो.

बीजाणू अंगावर पडले म्हणजे रोग झालाच, असेही नाही. निरोगी प्रौढ मांजर अंग चाटून स्वच्छ ठेवते आणि बरेचसे बीजाणू काढून टाकते. त्वचेवर पिसवांच्या चाव्याची किंवा नखांची सूक्ष्म जखम असेल, त्वचा सतत ओलसर राहत असेल, तर बुरशीला शिरकाव मिळतो. पिल्ले, वृद्ध मांजरे, पर्शियनसारखी लांब केसांची मांजरे आणि अन्य आजाराने अशक्त झालेली मांजरे यांना धोका अधिक. संसर्ग झाल्यापासून चट्टे दिसेपर्यंत साधारण १ ते ३ आठवडे जातात. म्हणूनच पहिला चट्टा दिसतो, तेव्हा घरातील इतर मांजरांपर्यंत बीजाणू बहुधा पोहोचलेले असतात.

लक्षणे आणि निदान

तोंड, कान, पंजे आणि शेपूट यांवर केस गळालेले चट्टे, त्यांच्या कडेला तुटके केस, कोंड्यासारखे पापुद्रे किंवा खपली ही नेहमीची लक्षणे होत. माणसाच्या त्वचेवर दिसते तसे लाल वर्तुळ मांजरांत दिसेलच असे नाही. खाज कधी असते, कधी नसते. पिसवा, खरजेचे किडे आणि ॲलर्जी यांमुळेही केस जातात. तेव्हा केवळ पाहून निदान करणे योग्य नव्हे.

पशुवैद्यक त्यासाठी काही चाचण्या एकत्र वापरतात. पहिली चाचणी वुड्स लॅम्पची. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट विल्यम्स वुड यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी तयार केलेल्या विशेष काचेतून येणाऱ्या अतिनील प्रकाशात मायक्रोस्पोरम कॅनिसने ग्रासलेले केस हिरव्या रंगाने चमकतात. उपचार सुरू न झालेल्या बहुतेक मांजरांत ही चमक सापडते. मात्र अंधाऱ्या खोलीत, डोळे अंधाराला सरावल्यावर आणि चट्ट्याच्या अगदी जवळ दिवा धरून सावकाश पाहावे लागते. कोंडा, धूळ किंवा मलमही चमकते. म्हणून चमक केसाच्या दांड्यावर आहे का, हे पाहणे महत्त्वाचे. चमकणारे केस उपटून सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तर निदानाची त्याच भेटीत खातरजमा होऊ शकते.

दुसरी चाचणी बुरशीच्या कल्चरची. नवा दातांचा ब्रश मांजराच्या सर्वांगावरून फिरवून त्यात अडकलेले केस आणि बीजाणू प्रयोगशाळेत वाढवले जातात. अहवालासाठी सहसा २ आठवडे थांबावे लागते. अनेक मांजरांच्या घरात ही चाचणी विशेष उपयोगी आहे. कारण जिच्या अंगावर एकही चट्टा नाही, पण केसांत बीजाणू आहेत, अशी मांजरही तिच्यातून ओळखू येते. पीसीआर चाचणीचा अहवाल लवकर येतो. परंतु ती मृत बीजाणूंचेही अस्तित्व दाखवते, याचे भान ठेवावे लागते.

मांजरांची विभागणी

निदान झाल्यावर पहिले काम विभागणीचे. चट्टे असलेली मांजरे एका गटात, चट्टे नसलेली परंतु त्यांच्यासोबत राहिलेली दुसऱ्या गटात आणि संपर्कच न आलेली, उदाहरणार्थ घराच्या स्वतंत्र भागात राहणारी, तिसऱ्या गटात ठेवावीत. गटांची भांडी, अंथरुणे आणि मातीचे तबक वेगवेगळे असावे. निरोगी मांजरांचे खाणे-पिणे आणि सफाई आधी उरकावी, बाधितांची शेवटी. बाधितांच्या खोलीत वापरायचा जुना सदरा आणि चपला दाराशीच ठेवाव्यात.

विलगीकरणाची खोली लहान, फरशीची आणि कमी सामानाची असावी, म्हणजे ती पुसणे सोपे जाते. परंतु मांजराला महिनोंमहिने कोंडून ठेवणे हा उपचार नव्हे. पिल्लांच्या बाबतीत तर अधिक जपावे लागते. जन्मानंतरच्या २ ते ७ आठवड्यांत पिल्लू माणसांची सवय करून घेते. त्या काळात त्याला एकटे टाकले, तर ते पुढे कायमचे बुजरे होण्याची शक्यता असते. हातमोजे घालून, जुना कपडा अंगावर घेऊन त्याच्याशी खेळत राहावे.

औषधोपचार

बाधित मांजरांना पोटातून आणि अंगावरून असे दुहेरी औषध द्यावे लागते. पोटातील औषध केसाच्या मुळाशी वाढणारी बुरशी थोपवते. अंगावरचे औषध आधीच बाहेर आलेले बीजाणू मारते. यांपैकी एकावर अवलंबून राहिल्यास उपचार लांबतो.

पोटातून देण्याच्या औषधांत इट्राकोनॅझोल आणि टर्बिनाफिन ही दोन प्रमुख आहेत. इट्राकोनॅझोल बहुधा एक आठवडा देऊन एक आठवडा थांबण्याच्या पद्धतीने दिले जाते. मात्रा वजनावर ठरते. गाभण मांजरी, फार लहान पिल्ले आणि यकृताचा विकार असलेली मांजरे यांच्याबाबत निर्णय पशुवैद्यकानेच घ्यावा. ग्रिसिओफुल्विन हे जुने औषध परिणामकारक असले, तरी मांजरांत त्याचे दुष्परिणाम अधिक आहेत आणि गाभण मांजरीला ते देऊ नये.

अंगावरच्या उपचारात आठवड्यातून दोन वेळा सर्वांगाला औषध लागणे आवश्यक असते. लाइम सल्फरचे पशुवैद्यकीय द्रावण किंवा मायकोनॅझोल आणि क्लोरहेक्सिडिन असलेला शाम्पू यांचा त्यासाठी वापर होतो. लाइम सल्फरला कुजलेल्या अंड्याचा वास येतो आणि चांदी त्याने काळी पडते; तरीही त्याची उपयुक्तता मोठी आहे. शेतीसाठी मिळणारे गंधकयुक्त बुरशीनाशक मात्र मांजरावर कदापि वापरू नये. संपर्कातील, चट्टे नसलेल्या मांजरांनाही हे स्नान घालावे. केवळ चट्ट्यावर मलम चोळणे पुरेसे ठरत नाही. कारण बीजाणू चट्ट्याबाहेरच्या केसांतही असतात.

काय वापरू नये

मांजराचे यकृत काही रसायनांचा निचरा फार मंद गतीने करते आणि अंगावर लावलेले सर्व काही ते चाटून पोटात घेते. त्यामुळे माणसांना चालणारे उपाय त्याला घातक ठरतात. गजकर्णावरील अनेक जुन्या मलमांत बेंझोइक आणि सॅलिसिलिक ही आम्ले असतात. ती मांजरांना विषारी आहेत. टी-ट्री तेलही विषारी आहे. फरशी पुसण्यासाठी घरोघरी वापरले जाणारे फिनाईल मांजरांच्या खोलीत टाळावे. स्टेरॉइड मिसळलेली मलमे खाज तात्पुरती शमवतात, पण बुरशीला वाढायला मोकळे रान देतात.

घराची स्वच्छता

स्वच्छतेचा मूळ मंत्र साधा आहे : आधी केस उचलणे, मग धुणे, शेवटी जंतुनाशक. केस आणि मळ तसाच ठेवून त्यावर ओतलेले जंतुनाशक निरुपयोगी ठरते. कोरड्या केरसुणीने केस हवेत उडतात. म्हणून ओले फडके, चिकट पट्टी किंवा व्हॅक्यूम क्लीनर वापरावा. बाधितांच्या खोलीतील केस रोज उचलावेत आणि आठवड्यातून दोन वेळा सर्व पृष्ठभाग साबणाच्या पाण्याने धुऊन काढावेत. त्यानंतर एक भाग घरगुती ब्लीच आणि ३२ भाग पाणी या प्रमाणाचे द्रावण लावून १० मिनिटे ओले ठेवावे आणि स्वच्छ पाण्याने पुसून घ्यावे. हे करताना मांजरे बाहेर आणि खिडक्या उघड्या असाव्यात. ब्लीच कधीही शौचालयाच्या आम्लात मिसळू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. मांजराच्या मूत्रावरही ते थेट ओतू नये.

कपडे आणि अंथरुणे साध्या पाण्यात साबण घालून दोनदा धुतली, तरी पुरते; उकळण्याची किंवा ब्लीचची गरज नसते. यंत्र मात्र कपड्यांनी खच्चून भरू नये. ज्या गालिच्याची, नखे घासण्याच्या खांबाची किंवा पुठ्ठ्याच्या खोक्याची सफाई होऊ शकत नाही, ते टाकून द्यावे.

घरातील माणसे

हा रोग माणसांना होतो, मुलांना अधिक. लाल वर्तुळाकार चट्टा उठला किंवा मुलाच्या डोक्यावरील केस ठिकठिकाणी तुटू लागले, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे आणि घरात मांजरे आहेत हे आवर्जून सांगावे. त्याच वेळी हेही ध्यानात ठेवावे, की भारतात माणसांना होणारे बहुतांश गजकर्ण ट्रायकोफायटॉन गटातील बुरशीमुळे होते आणि ते माणसाकडून माणसाला जाते. चट्टा दिसताच दोष मांजराला देणे उचित नाही. चतुर्थीसारख्या सणाला मूळ घरी सारे कुटुंब जमते. तेव्हा उपचार चालू असलेले मांजर सोबत नेऊ नये आणि त्याची देखभाल करणाऱ्या शेजाऱ्याला रोगाची पूर्वकल्पना द्यावी.

उपचार कधी थांबवावा

सर्वाधिक फसगत येथेच होते. केस परत येऊ लागले, की मांजर बरे झाल्यासारखे दिसते. परंतु बीजाणू त्यानंतरही काही काळ झडत राहतात. चट्टे गेले, वुड्स लॅम्पखाली चमक उरली नाही आणि कल्चरचा अहवाल निर्दोष आला, तरच उपचार संपला असे समजावे. अनेक मांजरांच्या घरात असे लागोपाठ दोन निर्दोष अहवाल मिळणे अधिक सुरक्षित. याला बहुधा ६ ते १० आठवडे, क्वचित अधिकही लागतात. त्यानंतर नवे मांजर किंवा पावसात सापडलेले पिल्लू घरात घेताना कल्चरचा अहवाल येईपर्यंत त्याला वेगळे ठेवावे.

हे सारे ऐकून धास्तावलेली काही कुटुंबे मांजरांना बाजारात किंवा समुद्रकिनारी सोडून देतात. योग्य कारणाविना, उपासमार वा तहानेने हाल होतील अशा स्थितीत प्राण्याला सोडून देणे हा प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यानुसार गुन्हा आहे. शिवाय त्यामुळे रोग वस्तीत पसरतो तो वेगळाच. गजकर्णाने मांजर सहसा मरत नाही. हा रोग पूर्ण बरा होतो. त्यासाठी दोन-तीन महिन्यांची शिस्त, ओले फडके आणि वेळेवर दिलेले औषध एवढेच लागते.