उपेक्षित मंद्रवाद्यें : जुन्या विजेच्या बेस गिटारींचा अल्प इतिहास

कोणत्याहि वाद्यवृंदांत सर्वांत खालचा स्वर धरणारा वादक बहुधा मागच्या रांगेंत उभा असतो. लोक गाणाऱ्याकडे पाहतात, व्हायोलिनवाल्याची वाहवा करतात, मुलें ढोलवाल्याकडे टक लावून बसतात. परंतु मंद्र स्वर थांबला म्हणजे घराचा पाया खचावा त्याप्रमाणें सारें संगीत पोकळ वाटूं लागतें. ह्या मागच्या रांगेंतील कामासाठीं गेल्या पाऊणशें वर्षांत जीं विजेचीं वाद्यें निर्माण झालीं, त्यांतील दोन-तीन नांवें जगप्रसिद्ध झालीं व बाकीचीं विस्मृतींत गेलीं. प्रसिद्ध वाद्यांचे जुने नमुने आज अव्वाच्या सव्वा किंमतीस विकले जातात. ज्यांस नांव मिळालें नाहीं, तीं माळ्यावर पडून राहिलीं, अथवा त्यांचे भाग सुटे करून विकले गेले. आमच्या धर्मग्रामांतील कित्येक तरुण लग्नसमारंभांत व सणावारीं वाद्यवृंदांतून वाजवितात. त्यांस हा विषय परका नाहीं. ह्या वाद्यांची उपेक्षा कोणत्या कारणांनीं झाली व तीं कारणें कितपत खरीं होतीं, ह्याचा थोडक्यांत विचार करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

विजेची बेस गिटार येण्यापूर्वीं मंद्र स्वराचें काम डबल बेस नांवाचें वाद्य करी. तें माणसाएवढें उंच, उभें धरून वाजवावयाचें, आणि इतकें अवजड कीं गांवोगांव हिंडणाऱ्या वादकास तें मोठें ओझेंच होई. एवढें करूनहि पितळी वाद्यांच्या गदारोळांत त्याचा आवाज दबून जाई. अमेरिकेंतील सिॲटल शहरच्या पॉल टुटमार्क ह्या गृहस्थानें १९३६ च्या सुमारास ‘ऑडिओव्हॉक्स’ ह्या नांवानें एक बेस विकावयास आणली. तिचें अंग भरीव लाकडाचें होतें, दांडीवर पडदे होते, आणि ती गिटारीप्रमाणें आडवी धरून वाजवितां येई. आजच्या बेस गिटारीचीं सर्व मुख्य लक्षणें तिच्यांत होतीं. परंतु काळ अनुकूल नव्हता. थोडींच वाद्यें तयार होऊन ती मागें पडली आणि आज तिचे नमुने बोटांवर मोजण्याइतकेच शिल्लक आहेत. पुढें पंधरा वर्षांनीं, १९५१ सालीं, कॅलिफोर्नियांतील फुलर्टन गांवच्या लिओ फेंडर यानें ‘प्रिसिजन बेस’ बाजारांत आणली. पडद्यांमुळें स्वर अचूक लागतो, म्हणून ‘प्रिसिजन’, म्हणजे अचूकपणा, हें नांव. लोकांनीं जनकत्वाचा मान फेंडरला दिला. येणेंप्रमाणें उपेक्षेचा इतिहास ह्या वाद्याच्या जन्मापासूनच सुरू होतो.

फेंडरच्या बेसची तार घोडीपासून दांडीच्या वरच्या पट्टीपर्यंत ३४ इंच लांब असते. १९६० सालीं त्याच्या कारखान्यांतून ‘जॅझ बेस’ निघाली, तिचेंहि माप तेंच. ह्या दोन वाद्यांचा बोलबाला इतका झाला कीं ३४ इंच हेंच मंद्रवाद्याचें शास्त्रशुद्ध माप, अशी समजूत रूढ झाली. आणि ह्या मापाहून जें निराळें तें सदोष, असा निर्णय लोक वाद्य न ऐकतांच देऊं लागले.

मिशिगन प्रांतांतील कॅलामाझू येथें गिब्सन कंपनीचा कारखाना होता. तेथें १९५३ सालीं त्या कंपनीची पहिली विजेची बेस तयार झाली. तिचा आकार व्हायोलिनसारखा होता, व डबल बेसची संवय असलेल्या वादकांस ती उभी टेकवितां यावी म्हणून खालीं सळई दिलेली होती. तिची तार साडेतीस इंचांची. त्याच मापाच्या ‘ईबी-झिरो’ व ‘ईबी-थ्री’ ह्या तिच्या बहिणी अनुक्रमें १९५९ व १९६१ सालीं आल्या. आतां तार आंखूड केली आणि तिची जाडी व स्वर तेच ठेवले, तर ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणांत उतरतो. ह्या हिशेबानें ३४ इंचांच्या तारेपेक्षां साडेतीस इंचांच्या तारेचा ताण सुमारें एक पंचमांशानें कमी भरतो. सैल तारेचा नाद गोल व भरीव असतो. शिवाय तारेचें कंपन टिपून त्याचें विजेंत रूपांतर करणारें पिकअप नांवाचें चुंबकी साधन गिब्सननें दांडीच्या अगदीं लगत बसविलें. तेथें मूळ स्वर जोरकस मिळतो व उपस्वर थोडे मिळतात. तंबोऱ्याची जवारी काढून घ्यावी तसा कांहीं हा प्रकार होता. त्या काळच्या लहान ध्वनिवर्धकांतून हा नाद गढूळ निघे, आणि दोष ध्वनिवर्धकाचा असतां ठपका वाद्यावर येई. तथापि १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धांत जॅक ब्रूस यानें ‘क्रीम’ ह्या त्रिकुटांत ‘ईबी-थ्री’ असा आवेशानें वाजविला कीं तोच गोल नाद त्या संगीताचा प्राण ठरला. वाद्य तेंच राहिलें. बदलला तो ऐकणाऱ्यांचा कान.

गिब्सनची दुसरी कन्या ‘थंडरबर्ड’. ती १९६३ सालीं आली. तिची आकृति मोटारगाड्यांचीं अंगें आंखणाऱ्या रे डीट्रिक ह्या शिल्पज्ञानें आंखली होती, व तिची तार पुरी ३४ इंचांची होती. म्हणजे आंखूडपणाचा आक्षेपहि तिच्यावर घेतां येत नव्हता. परंतु ती महाग होती, तिचें डोकें जड होतें, आणि पडली कीं माथ्याशीं दांडी मोडे. १९६५ सालीं कंपनीनें तिचा आकार बदलून तिला स्वस्त केलें. तरीहि खप वाढला नाहीं आणि १९६९ सालीं तिचें उत्पादन बंद झालें. पुढें ‘द हू’ मंडळीच्या जॉन एन्टविसलनें तीच हातीं धरली. मग मागणी वाढली, व १९७६ सालीं गिब्सनला ती पुन्हां काढावी लागली.

हीं झालीं मोठ्या घरचीं वाद्यें. आतां गरीब घरच्यांकडे वळूं. न्यू जर्सींतील नेथन डॅनियल ह्या कारागिरानें ‘डॅनइलेक्ट्रो’ ह्या नांवानें जीं वाद्यें केलीं, त्यांचा सांगाडा साध्या लाकडाचा आणि पाठ-पोट मेसोनाइट नांवाच्या दाबीव लाकडी पुठ्ठ्याचें असे. पिकअपसाठीं त्यानें ओठांस रंग लावण्याच्या लिपस्टिकच्या धातूच्या नळ्या वापरल्या. सिअर्स ह्या प्रचंड दुकानामार्फत तीं सामान्य कुटुंबांस परवडतील अशा दरानें विकलीं जात. भारी वाद्यें वापरणारे ह्या पुठ्ठ्यास हंसत. परंतु नॅशव्हिलच्या ध्वनिमुद्रणशाळांत डबल बेसच्या जोडीस डॅनियलचीच सहा तारांची बेस वाजविण्याची चाल पडली. डबल बेसचा नाद खोल, पण त्यास धार नसे. ती धार ह्या पुठ्ठ्याच्या वाद्यानें पुरविली. १९६५ सालीं ‘माय जनरेशन’ ह्या गाण्यांतील बेसच्या तुकड्यासाठीं एन्टविसलनेंहि डॅनियलचीच एक बेस निवडली होती. तिच्या बारीक तारा तुटत, सुट्या तारा लंडनांत मिळत नसत, म्हणून तारांसाठीं त्यास दर वेळीं अख्खी नवी बेस घ्यावी लागली, आणि अखेर कंटाळून तें काम त्यानें फेंडरवर उरकलें, अशी हकिकत तो स्वतःच सांगत असे. डॅनियलचा कारखाना १९६९ सालीं बंद पडला.

जर्मनींतील हॉफनर घराण्याच्या वाल्टर हॉफनर यानें १९५५ सालीं व्हायोलिनच्या आकाराची एक पोकळ, हलकी बेस घडविली. १९६१ सालीं हॅम्बुर्ग शहरीं बीटल्स मंडळीच्या पॉल मॅकार्टनीनें ती सुमारें ३० पौंडांस घेतली. कारण फेंडर त्याच्या ऐपतीबाहेरची होती, आणि तो डावखुरा असल्यामुळें दोन्हीं बाजूंनीं सारखा आकार त्यास सोयीचा वाटला. पोटापाण्याच्या अडचणींत घेतलेल्या ह्या वाद्यावर त्यानें जें वाजविलें तें जगानें ऐकलें. तें वाद्य १९७२ सालीं लंडनांत चोरीस गेलें. पन्नासांहून अधिक वर्षें तें बेपत्ता होतें, व तें मालकास परत मिळाल्याचें २०२४ सालीं जाहीर झालें. सांपडलें तें एका माळ्यावर पडलेलें. कोणाच्या माळ्यावर काय पडलेलें असेल, तें सांगवत नाहीं!

१९७० च्या दशकांत दोन निराळ्या दिशांनीं नवीं वाद्यें आलीं. पहिली दिशा मिसिसिपी प्रांतांतील मेरिडियन गांवची. तेथील हार्टली पीव्ही यानें पाहिलें कीं बंदुकांचे लांकडी दस्ते यंत्रानें अचूक कोरले जातात. मग गिटारी कां नकोत? ह्या विचारांतून १९७८ सालीं ‘टी-४०’ ही बेस आली. यंत्रामुळें किंमत कमी झाली, परंतु काम चोख झालें. स्वर नियंत्रित करणारी तिची कळ फिरविली असतां जोडवेटोळ्याचा पिकअप क्रमाक्रमानें एकेरी होतो. म्हणजे एका वाद्यांत दोन आवाज. दोष एकच, वजन! साडेचार ते पांच किलोंचें हें ओझें खांद्यावर घेऊन चार तास उभें राहणें सोपें नाहीं. १९८७ सालीं तिचें उत्पादन थांबलें आणि दीर्घकाळपर्यंत ती मातीमोलानें विकली गेली.

दुसरी दिशा जपानची. तेथील मात्सुमोतो शहरांतील मात्सुमोकु कारखाना शिवणयंत्रांचीं लांकडी कपाटें करीत असे. तेच सुतार पुढें गिटारी करूं लागले व ‘एरिया’, ‘वेस्टोन’ इत्यादि नांवांखालीं त्यांचीं वाद्यें जगभर गेलीं. ‘जपानी नक्कल’ म्हणून त्यांची हेटाळणी झाली. आरंभीं तीं नक्कलच होतीं हें खरें, आणि १९७७ सालीं गिब्सनच्या मालक कंपनीनें ‘आयबानीझ’ गिटारींच्या अमेरिकेंतील आयातदारावर माथ्याच्या आकारावरून दावाहि लावला. परंतु तोंवर शिष्य शिकून तयार झाले होते. १९७० च्या अखेरीस निघालेल्या एरिया व यामाहा बेस स्वतंत्र बुद्धीच्या होत्या, व त्यांची सुतारकी त्या काळच्या अमेरिकन मालास लाजविणारी होती. मात्सुमोकुचा कारखाना १९८७ सालीं बंद झाला. त्याचीं वाद्यें मात्र अद्याप वाजत आहेत.

आपल्या देशाचा ह्या इतिहासाशीं संबंध वेगळ्या रीतीनें येतो. मुंबईच्या चित्रपटसंगीतांत गोमंतकीय ख्रिस्ती वादकांनीं मोलाची कामगिरी केली, व राहुल देव बर्मन यांच्या वाद्यवृंदांत टोनी वाझ यांची बेस गिटार असे, हें सर्वश्रुत आहे. त्या काळीं आयातीवरील निर्बंध व जबर जकात यांमुळें परदेशी वाद्य मिळणें दुरापास्त होतें. निवड करण्याची चैन येथें थोड्यांसच परवडे. जें हातीं येई त्यावर वाजवावें लागे. ज्या देशांत दुकानें भरलेलीं होतीं तेथें उपेक्षा जन्मली. जेथें तुटवडा होता तेथें वाद्य जपलें गेलें.

असें जुनें वाद्य ज्याच्या घरीं असेल किंवा जो तें घेऊं इच्छितो, त्यानें कांहीं गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. प्रथम दांडी डोळ्यासमोर धरून ती सरळ आहे कीं नाहीं तें पाहावें. पिकअपची दुरुस्ती होते, पिळलेल्या दांडीची कठीण. माथ्याजवळ मोडून सांधल्याची रेघ आहे काय, तें गिब्सनच्या बाबतींत विशेष पाहावें. कळ फिरवितांना खरखर आली तर घाबरूं नये. ती बहुधा धुळीची असते. एकेरी वेटोळ्याच्या पिकअपमध्यें विजेच्या दिव्यांची घरघर शिरते. आपल्याकडील वीज सेकंदास ५० आवर्तनांची, आणि बेसच्या सर्वांत जाड तारेवरील तिसऱ्या पडद्याचा स्वर ४९ आवर्तनांचा, म्हणून ही घरघर नेमकी बेसच्या स्वरांतच मिसळते. अशा वेळीं वाद्याची आंतील बाजू तांब्याच्या पत्र्यानें मढवून ती जमिनीच्या तारेस जोडावी. कोंकणपट्टीच्या पावसाळ्यांत मेसोनाइट फुगतें व तारा गंजतात. वाद्य भिंतीस टेकवून न ठेवतां कोरड्या पेटींत ठेवावें, वाजविल्यावर तारा पुसाव्या. जड वाद्यास रुंद पट्टा लावावा. जुना रंग खरवडून नवा देऊं नये. एखादा भाग बदललाच तर जुना भाग पाकिटांत घालून जपावा, कारण पुढचा मालक त्याबद्दल तुम्हांस दुवा देईल.

सर्वांत महत्त्वाचें म्हणजे तें वाजवावें. कपाटांत बंद केलेलें वाद्य पैसा होतें, संगीत होत नाहीं. उलट, भाग सुटे करून विकणारास चार पैसे मिळतात, परंतु एक आवाज कायमचा बुजतो. कारण पुठ्ठ्याच्या पोटांतून जो नाद निघतो तो महाग लांकडांतून निघत नाहीं. वर सांगितलेल्या प्रत्येक वाद्यांत, लोकांनीं ज्यास उणीव म्हटलें तेंच योग्य वादकाच्या हातीं त्याचें वैशिष्ट्य ठरलें आहे. आंखूड तारेनें गोलाई दिली, पुठ्ठ्यानें धार दिली, स्वस्त यंत्रकामानें चोखपणा दिला. म्हणून आमच्या तरुण वादकांस इतकेंच सांगणें आहे कीं, घरांत वडिलांची अथवा मामांची अशी एखादी जुनी बेस पडून असेल, तर तिच्या माथ्यावरील नांव वाचून तिची किंमत करूं नका. नव्या तारा चढवा, ध्वनिवर्धकास जोडा, आणि येत्या लग्नांत मागच्या रांगेंत उभे राहून ती वाजवा. मंडपांतील पावलें तालावर पडूं लागलीं कीं वाद्याची परीक्षा झाली, असें खुशाल समजा.