बहिणाबाई चौधरी यांची गाणी : दुःखाच्या आविष्काराचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना :
काव्यलेखन हे मनावरील ताण हलका करण्याचे साधन होय, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. या संदर्भात अ‍ॅरिस्टॉटलच्या विरेचन सिद्धान्ताचा आधार घेतला जातो. तथापि, अ‍ॅरिस्टॉटलचे विवेचन शोकात्मिकेच्या संदर्भातील आहे. रचना करणाऱ्याच्या मनात काय घडते, हा त्याचा मुख्य प्रश्न नव्हता. हा प्रश्न खानदेशातील बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) यांच्या गाण्यांच्या आधारे तपासणे हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

जीवनपट :
बहिणाबाईंचा जन्म जळगावजवळील असोदे या गावी महाजन कुटुंबात झाला. वयाच्या तेराव्या वर्षी जळगावच्या नथूजी चौधरी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. तिशीच्या सुमारास वैधव्य आले. ओंकार, सोपानदेव व काशी ही तीन अपत्ये. त्यांपैकी ओंकारला प्लेगमुळे कायमचे अपंगत्व आले. शेती, घर आणि मुले यांचा भार वाहणाऱ्या या स्त्रीला अक्षरओळख नव्हती. त्यामुळे येथे ‘काव्यलेखन’ हा शब्दच अपुरा ठरतो. त्यांची रचना ओठांवर आणि श्रमांच्या लयीत झाली.

रचनेचे स्वरूप :
जात्यावर दळताना ओवी गाण्याची परंपरा महाराष्ट्रात दीर्घकाळ चालत आली. हेमा राईरकर व गी प्वाटव्हँ यांच्या पुढाकाराने झालेल्या संकलनात अशा एक लाखाहून अधिक ओव्या नोंदल्या गेल्या, यावरून तिच्या व्याप्तीची कल्पना येते. सासरचा जाच, माहेरची ओढ, भावाची वाट या विषयांना ओवीने मान्यता दिली होती. जे चारचौघांत बोलता येत नसे, ते जात्यापाशी गाता येत असे. बहिणाबाईंनी हा सामुदायिक साचा स्वीकारला व त्यात स्वतःचा अनुभव ओतला. त्यांच्या गाण्यांत वैधव्याचे दुःख केवळ विलापरूपाने येत नाही. कुंकू पुसले गेल्यावर कपाळावरची कर्मरेषा उघडी पडल्याची जाणीव आणि भविष्य सांगू पाहणाऱ्या ज्योतिषाला दारातून परतविण्याचा निर्धार या दोन्ही गोष्टी तेथे एकत्र नांदतात. अनावर मनासाठी त्या पिकात शिरणाऱ्या ढोराची प्रतिमा योजतात. अशा प्रकारे वेदनेला नित्याच्या व्यवहारातील रूप मिळते, आणि रूप मिळालेल्या वेदनेकडे थोडे दूरून पाहता येते.

साधनांची मर्यादा :
सोपानदेव व मावसबंधू पितांबर चौधरी यांनी ऐकलेली गाणी टिपून ठेवली. आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने ‘बहिणाबाईंची गाणी’ हा संग्रह १९५२ मध्ये, म्हणजे कवयित्रीच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाला. ही गाणी कालानुक्रमे नोंदलेली नाहीत. परिणामी अमुक आघातानंतर अमुक गाणे आणि त्यानंतर मनःशांती, अशी साखळी इतिहासाच्या अभ्यासकाला जुळविता येत नाही. गाण्यांवरून चरित्र रचणे आणि त्याच चरित्रावरून गाण्यांचा अर्थ लावणे, हा चक्राकार युक्तिवाद टाळणे आवश्यक आहे. टिपली न गेलेली गाणी तर कायमची हरपली.

निष्कर्ष :
उपलब्ध साधनांवरून बहिणाबाईंचे दुःख गाण्याने नाहीसे झाले, असे म्हणता येत नाही. मात्र विधवेने मौन राखावे अशी अपेक्षा असलेल्या समाजात त्या दुःखाला भाषा मिळाली, हे निश्चित म्हणता येते. ती भाषा त्यांच्या बोलीची होती व तिचा साचा अनेक पिढ्यांतील स्त्रियांनी घडविलेला होता. म्हणूनच काव्याकडे केवळ व्यक्तिगत मनोपचार म्हणून पाहणे अपुरे ठरते. एकटीच्या वेदनेला परंपरेचा आधार देणारी ती एक सामाजिक व्यवस्थाही होती. जात्याबरोबर ही व्यवस्था मागे पडली; तिच्या जागी काय आले, हा प्रश्न अभ्यासकांनी विचारात घ्यावयास हवा.