लोणार
लोणार : बुलढाणा जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. त्याची ख्याती शेजारच्या खाऱ्या सरोवरामुळे आहे. काळ्या बेसाल्ट खडकात सुमारे १.८ किमी. व्यासाचे, काठापासून तळापर्यंत जवळपास १५० मी. खोल असे हे गोल विवर असून तळाचे पाणी अल्कधर्मी आहे. पाणी आटल्यावर मिळणाऱ्या क्षारांना दल्ला, पापडी, भुसकी अशी स्थानिक नावे आहेत. साबण व काच बनविण्यास लागणारे पदार्थ येथे मिळतात, अशी नोंद आइन-इ-अकबरीत आहे. गावातील दैत्यसूदन मंदिर आणि विवराच्या उतारावरील बारमाही धार ही इतर प्रेक्षणीय स्थळे.

विष्णूने पायाच्या अंगठ्याने लवणासुराच्या भुयारावरचे झाकण उडवले, अशी आख्यायिका आहे. भूवैज्ञानिकांचे पहिले अनुमानही यापासून फार दूर नव्हते. डब्ल्यू. टी. ब्लॅनफर्ड यांना हा खड्डा ज्वालामुखीय स्फोटाचा वाटला. अमेरिकेचे जी. के. गिल्बर्ट यांनी १८९६ मध्ये ॲरिझोनातील विवराचे साम्य लोणारशी दाखवले. ॲरिझोनाचे विवर त्यांच्या मते जमिनीत कोंडलेल्या वाफेने घडले होते. मात्र दख्खनचा लाव्हा सुमारे ६.५ कोटी वर्षांपूर्वीचा आणि विवर त्याहून कितीतरी अलीकडचे. तेव्हा येथे स्फोट घडवायला ज्वालामुखी उरला कोठे होता, या प्रश्नाला या मताकडे उत्तर नव्हते.

ज्वालामुखीशिवायही वायू कोंडून फुटलेली जमीन कशी दिसते, हे २०१४ मध्ये सायबेरियाच्या यमाल द्वीपकल्पावर दिसले. बोव्हानेन्कोव्हो वायुक्षेत्रापासून सुमारे ३० किमी.वर, हेलिकॉप्टरमधून एक खोल, उभ्या भिंतींचा खड्डा नजरेस पडला. तेथील पर्माफ्रॉस्ट, म्हणजे बारमाही गोठलेली जमीन, हेच झाकण. तिच्यातील न गोठलेल्या पोकळीत मिथेन साठतो. दाब वाढला की वरची जमीन फुगून टेकाड होते, आणि बर्फाची ताकद संपली की ते फुटून मातीबर्फाची ढेकळे दूरवर फेकली जातात. खड्ड्याच्या तळाच्या हवेत मिथेनचे प्रमाण फार जास्त आढळले. असे खड्डे पुढेही सापडले, पण त्यांची रुंदी काही डझन मीटरच. लोणारच्या तुलनेत किरकोळ. शिवाय ते लवकर पाण्याने भरतात आणि साध्या तळ्यांत मिसळून जातात.

लोणारचा निकाल छिद्रण करून लागला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण व स्मिथसोनियन संस्था यांच्या कामात तळाच्या गाळाखाली आघाताने चिरडलेला खडक मिळाला. त्यातील मॅस्केलिनाइट, म्हणजे प्रचंड आघातदाबाने फेल्डस्पारपासून बनलेली काच, सापडल्याचे १९७३ मध्ये प्रसिद्ध झाले. कोंडलेल्या वायूने वा वाफेने एवढा दाब निर्माण होत नाही. म्हणून उल्कापाताचे मत मान्य झाले. ॲरिझोनाचे विवरही उल्कापाताचेच ठरले आहे. लोणारचे वय मात्र वादाचे आहे : उष्मादीप्ती पद्धतीने सुमारे ५२,००० वर्षे, तर २०११ च्या आरगॉन मापनानुसार सुमारे ५,७०,००० वर्षे, नोंदकर्त्यास दुसरे अधिक विश्वसनीय वाटते. सरोवर २०२० पासून रामसर स्थळांच्या यादीत आहे.