बोर्ड ऑफ स्टँडर्ड्स अँड अपील्स, न्यूयॉर्क

न्यूयॉर्क शहरात जमिनीचा वापर आणि इमारतींची उंची, आकार यांच्या नियमांतून सूट द्यायची की नाही, हे ठरवणारे मंडळ. सदस्य पाच, नेमणूक महापौरांकडून. त्यांत वास्तुविशारद, नगररचनाकार आणि अभियंता असावेच लागतात.

मंडळाचे मूळ १९१६ च्या झोनिंग नियमावलीत आहे. आदल्याच वर्षी ब्रॉडवेवर इक्विटेबल बिल्डिंग उभी राहिली होती: रस्त्याच्या कडेपासून सरळसोट वर गेलेली, शेजाऱ्यांचे ऊन अडवणारी. त्यानंतर उंच इमारतींनी वर जाताना मागे सरकत जावे, असा नियम झाला. पण वाकड्यातिकड्या किंवा खडकाळ भूखंडावर नियम जसाच्या तसा पाळणे कधी कधी अशक्यच. तिथे सूट लागते.

ती मिळवायला पाच कसोट्या आहेत. जागेची अडचण वेगळी हवी, नियम पाळून वाजवी परतावा मिळणार नाही हे दाखवायला हवे, परिसराचा तोंडवळा बदलता कामा नये, अडचण स्वतः ओढवून घेतलेली नसावी आणि मागणी किमान असावी. निर्बंध असलेला भूखंड विकत घेतला, एवढ्यावरून मात्र अडचण ओढवून घेतली असे धरत नाहीत. बिगरनफा संस्थांना परताव्याची अट नाही.

मंडळ परवान्यांवरची अपिलेही ऐकते. २०० ॲमस्टरडॅम ॲव्हेन्यूवरच्या मनोऱ्यासाठी तुकडे जोडून चक्क ३९ बाजूंचा भूखंड दाखवला होता! रहिवाशांच्या गटांनी हरकत घेतली. मंडळाने परवाना कायम ठेवला. २०२० मध्ये न्यायाधीशांनी वरचे मजले उतरवायला सांगितले, तेव्हा मनोरा पूर्ण उंचीला पोचला होता. २०२१ मध्ये अपील न्यायालयाने तो आदेश फिरवला आणि मजले वाचले.