ओरेयानाने पाहिलेली गावे

इतिहासातल्या साक्षीदारावर विश्वास कधी ठेवायचा? हा प्रश्न वर्गात चर्चेला घ्यायचा असेल, तर फ्रान्सिस्को दे ओरेयाना या स्पॅनिश सरदाराची हकिगत उपयोगी पडेल.

ओरेयाना हा पेरू जिंकणाऱ्या पिझारोचा नातेवाईक. १५४१ मध्ये पिझारोचा भाऊ गोन्सालो याने क्विटोहून अँडीज पर्वतापलीकडच्या जंगलात मोहीम काढली. तिथे दालचिनीची बने आणि सोन्याने मढलेला राजा आहे, अशी वदंता होती. सुमारे २०० स्पॅनिश सैनिक आणि वेठीला धरलेले काही हजार स्थानिक लोक निघाले. दालचिनीसारखी झाडे मिळाली, पण तुरळक. हवे ते उत्तर न देणाऱ्या स्थानिकांना गोन्सालोने छळून मारले. पुढे अन्न संपले आणि वेठीच्या लोकांपैकी बहुतेक मेले.

डिसेंबरमध्ये ओरेयाना पन्नास-साठ जणांसह अन्न शोधायला नदीतून पुढे गेला, तो परतलाच नाही. प्रवाहाविरुद्ध येणे अशक्य होते, असे त्याचे म्हणणे. गोन्सालोच्या मते हा सरळसरळ विश्वासघात होता. वाटेत खिळे घडवून त्यांनी आणखी एक नाव बांधली आणि ॲमेझॉन नदी उतरून ऑगस्ट १५४२ मध्ये अटलांटिक महासागर गाठला.

बरोबरच्या कार्वाहाल या धर्मगुरूने प्रवासाचा वृत्तांत लिहिला. किनाऱ्यावर दाट वस्ती होती, एक गाव तर पाच लीग, म्हणजे पंचवीसेक किलोमीटर, सलग पसरले होते, असे तो सांगतो. पुरुषांशिवाय राहणाऱ्या लढवय्या स्त्रियांचे राज्यही त्यात येते. नदीला ॲमेझॉन हे नाव त्यावरूनच पडले.

नंतरच्या प्रवाशांना तिथे बहुतेक जंगलच दिसले. विसाव्या शतकात बेटी मेगर्स या पुरातत्त्वज्ञ बाईंनी मांडले, की तिथली निकस माती मोठ्या वस्त्यांना पोसूच शकत नाही. कार्वाहालला थापा मारायला कारणही होते: ओरेयानावरचा आरोप पुसायचा होता. मग वृत्तांत खोटा मानायचा का?

उत्तर मातीने दिले. ॲमेझॉनकाठी ठिकठिकाणी सुपीक काळ्या मातीचे पट्टे सापडतात. आपल्या दख्खनची काळी माती बेसॉल्ट खडकापासून निसर्गतः बनली. ही मात्र मानवी वस्तीमुळे बनली आहे. तिच्यात कोळसा, खापऱ्या आणि माशांची हाडे मिळतात. २००३ मध्ये ब्राझीलच्या शिंगू नदीच्या वरच्या खोऱ्यात रस्त्यांनी जोडलेल्या जुन्या वस्त्या प्रसिद्धीस आल्या. २०२२ मध्ये बोलिव्हियात आणि २०२४ मध्ये इक्वादोरमध्ये, हवेतून लेसर किरण सोडून केलेल्या मोजणीतून, झाडीखाली दडलेल्या नगररचना उघड झाल्या. ही सारी स्थळे ओरेयानाच्या वाटेवरची नाहीत आणि काही त्याच्या कितीतरी आधी ओस पडली होती. पण ‘ॲमेझॉनच्या जंगलात मोठी वस्ती शक्यच नाही’ हा आक्षेप त्यांनी मोडला.

मग ते लोक गेले कुठे? देवी, गोवर यांसारखे रोग युरोपीयांबरोबर आले. स्थानिकांच्या शरीरात त्यांविरुद्ध प्रतिकारशक्ती नव्हती. गुलामगिरीने उरलेल्यांची धूळधाण केली. रिकाम्या गावांवर जंगल वाढले आणि पुढच्यांनी ते आदिम, निर्मनुष्य अरण्य समजले.

याचा अर्थ वृत्तांतातले सगळेच खरे, असा नाही. घरांच्या रांगा कार्वाहालने स्वतः पाहिल्या. स्त्रियांच्या राज्याचा तपशील मात्र एका कैद्याच्या जबानीतून आला, आणि त्याची भाषा या लोकांना जेमतेम कळत होती. त्या राज्याला आजवर पुरावा नाही. दालचिनी आणि सोने तर निघण्याआधीच त्यांच्या मनात होते.

विद्यार्थ्यांना कोणताही जुना प्रवासवृत्तांत द्या आणि तीन रकाने करायला सांगा: पाहिलेले, ऐकलेले, हवे असलेले. मग प्रत्येक नोंदीपुढे विचारा, हे आज कशाने तपासता येईल?

ओरेयाना स्वतः त्या मुलखाचा कारभारी होण्यासाठी पुन्हा आला आणि १५४६ मध्ये ॲमेझॉनच्या मुखाशी मेला. किनाऱ्यावरच्या लोकांनी त्याच्याबद्दल काय सांगितले असते, ते कोणीच लिहून ठेवले नाही.