करुप्पूरची साडी आणि थंड छटा

मंडळी, तंजावूरच्या राजवाड्यात आज साडीबद्दल बोलतो. भोसले घराण्यासाठी कुंभकोणमजवळच्या कोडाली करुप्पूर गावात सुतात जर विणायचे, मग मेण लावून कापड रंगवायचे. रंग गडद तांबडा, तपकिरी, काळा. आतून सोनं मंद चमकायचं. त्यात मान होता, आणि तो अंगकांती पाहून ठरत नव्हता. १८५५ साली राज्य खालसा झालं, आश्रय आटला.

पुढे १९८० साली कॅरोल जॅक्सन यांच्या ‘कलर मी ब्यूटिफुल’ने माणसं ऋतूंत वाटली. निळसर-गुलाबी झाक असेल तर उन्हाळा किंवा हिवाळा. याचा गोरेपणाशी संबंध नाही. सावळी त्वचाही थंड छटेची असते. त्या हिशेबाने ही तपकिरी-सोनेरी साडी तिला मारक. पण साडी कशाला सोडायची? चेहऱ्यालगत पोलकं येतं, ते गडद निळं किंवा जांभळं शिवा.