इंजिनाच्या 'ट्रीटमेंट'ची कुळकथा

ठाणे-बेलापूर रस्त्यावर तुर्भ्याला लुब्रिझॉल इंडियाचा कारखाना आहे. 1966 मध्ये भारत सरकार आणि अमेरिकेतली लुब्रिझॉल यांनी मिळून ही कंपनी काढली. पुढे इंडियन ऑइल तिची भागीदार झाली. इंजिन ऑइलमध्ये मिसळायची रसायनं हा तिचा धंदा. जुनी गाडी घेऊन ठाण्या-कल्याणच्या स्पेअर पार्टच्या दुकानात गेलं, की काउंटरवरून 'ट्रीटमेंट'ची छोटी बाटली पुढे येते. ती जे करायचा दावा करते, त्यातलं बरंचसं काम करणारी द्रव्यं कुठल्याही चांगल्या ऑइलच्या डब्यात आधीपासूनच असतात. डब्यातला दहा ते वीस टक्के भाग या द्रव्यांचाच असतो. ही गोष्ट गाडीवाल्यापर्यंत पोचत नाही, याचं मला फार वाईट वाटतं, कारण बाटलीवर पैसे घालवणारा बहुतेक वेळा तोच असतो ज्याला नवी गाडी परवडत नाही.

शंभर वर्षांपूर्वी इंजिनात साधं खनिज तेल ओतत. ते लवकर आंबायचं, बेअरिंग खायचं, पिस्टनच्या रिंगा चिकटवायचं. लुब्रिझॉल 1928 मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँडला सुरू झाली, तेव्हा तिचा पहिला माल इंजिनासाठी नव्हताच. गाडीच्या स्प्रिंगच्या पाट्यांची करकर थांबवणारं ग्रॅफाइटचं तेल ती विकत होती. 1930 च्या दशकात कॅटरपिलरच्या डिझेल इंजिनांत रिंगा अडकू लागल्या आणि खरी गरज उभी राहिली. त्यावर तोडगा म्हणून धातूंचे साबणासारखे क्षार तेलात घातले गेले. ते काजळी धुऊन काढत आणि तेलातच तरंगत ठेवत. बदली करून आठवडा झाला नाही तोच ऑइल काळं पडलं, म्हणून आजही अनेक जण दुकानदाराशी भांडतात. पण काळं पडणारं ऑइल आपलं काम करत असतं. घाण इंजिनाला न चिकटता ऑइलमध्ये उतरलेली असते.

1940 च्या दशकात जस्त, फॉस्फरस आणि गंधक यांचं एक संयुग आलं. बेअरिंग गंजू नये एवढ्यासाठीच ते आणलं होतं. पुढे लक्षात आलं, की कॅमशाफ्ट आणि टॅपेट जिथे एकमेकांवर घासतात, तिथे दाबाने आणि उष्णतेने त्याचा काचेसारखा थर बसतो. जाडी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतकी. पण झीज धातूची न होता त्या थराची होते आणि थर पुन्हा बसतो. या साऱ्या इतिहासातला हा मला सर्वांत सुंदर शोध वाटतो.

बाटलीची शाखा मात्र वेगळ्याच अंगणात वाढली. 1939 मध्ये कॅलिफोर्नियात विन्सचं घर्षण कमी करणारं तेल आलं, 1950 च्या दशकात एसटीपी. एसटीपीमध्ये मुख्यतः तेल दाट करणारं पॉलिमर होतं. झिजलेल्या इंजिनात दाट तेल गेलं की खडखड दबते, धूर थोडा कमी होतो आणि गाडी सुधारल्यासारखी वाटते. गिऱ्हाईक येईपर्यंत एवढं पुरतं, म्हणून जुन्या गाड्या विकणाऱ्यांना अशा बाटल्या सोयीच्या पडतात. 1978 मध्ये जाहिरातींतल्या दाव्यांवरून एसटीपीला अमेरिकेच्या व्यापार आयोगाकडे पाच लाख डॉलर दंड भरावा लागला. स्लिक 50 नावाच्या बाटलीवरही त्याच आयोगाने 1996 मध्ये तक्रार दाखल केली.

मग जुन्या गाडीला बाटलीची गरज कधीच नसते का? सर्वांत बळकट बाजू प्रीमियर पद्मिनीसारख्या गाडीची आहे. तिचं 1089 सीसीचं इंजिन जुन्या फियाटचं, सपाट टॅपेटचं. त्याला जस्ताचा थर हवाच. पण त्याच संयुगातला फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी करतो, आणि आपल्याकडे 1995 पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचा झाला. जगभर ऑइलमधला फॉस्फरस कमी होत गेला. 2004 च्या अमेरिकन मानकाने तो 0.08 टक्क्यांवर आणून ठेवला. मात्र ही मर्यादा पातळ ग्रेडच्या ऑइलला आहे; 20डब्ल्यू-40 किंवा 20डब्ल्यू-50 सारख्या दाट ग्रेडला नाही. म्हणजे पद्मिनी अजून जपणाऱ्याने योग्य ग्रेडचा डबा घेतला, की बाटलीचं काम उरत नाही. उलट कन्व्हर्टर असलेल्या गाडीत जस्ताची बाटली ओतली, तर नुकसान कन्व्हर्टरचं.

दुचाकीवाल्यांनी तर फारच जपावं. बहुतेक मोटरसायकलींत इंजिन, गिअर आणि क्लच एकाच ऑइलमध्ये बुडालेले असतात. घर्षण कमी करणारं द्रव्य क्लचच्या प्लेटवर गेलं की क्लच घसरू लागतो. डब्यावर 'जासो एमए' हे मानक लिहिलेलं असतं ते याचसाठी.

आपल्याकडची झीज किलोमीटरच्या काट्यावर दिसत नाही. शीळफाट्यावर, घोडबंदर रोडवर गाडी उभ्या उभ्या चालू राहते. काटा हलत नाही, इंजिन मात्र तासन् तास फिरतं. स्टेशनपर्यंतच्या छोट्या फेऱ्यांत ऑइल पुरतं तापत नाही, आतला ओलावा उडत नाही आणि पावसाळ्यानंतर झाकणाखाली पांढरट साय धरते. इथे महिने मोजून ऑइल आणि फिल्टर बदली करणं हाच उपाय. सुकलेल्या सीलमधून किंचित गळत असेल, तर सील मऊ करणारी बाटली काही काळ उपयोगी पडू शकते, हे मी मान्य करतो.

धूर मारणाऱ्या, ऑइल खाणाऱ्या गाडीचं कॉम्प्रेशन आधी तपासून घ्यावं. एखाद्या सिलिंडरचा आकडा कमी आला, तर मिस्त्रीला प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजायला सांगावं. आकडा वर चढला तर रिंगा आणि बोअर गेलेत. नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट पाहावं. व्हॉल्व्हचं काम हेड उतरवून थोडक्यात होतं; रिंगांसाठी इंजिन खोलावं लागतं, आणि त्याचा खर्च गाडीच्या उरलेल्या किमतीशी ताडून पाहावा लागतो.